रीप आत की बाहेर

कुंपणाच्या आडव्या रिपा बाहेरच्या अंगाला ठोकायच्या, असं विनीत मयेकरांनी जाहीर केलं, तेव्हा रावजी सुताराने हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"भाऊ, रीप आतल्या अंगाला असते," तो म्हणाला. "खांब आत, रीप आत, नि उभी फळी बाहेर. माझ्या बापाशीनं पण तशीच मारली."

"म्हणजे फळीचं गुळगुळीत तोंड रस्त्याला, आणि सांगाडा आमच्या ओटीला? रोज सकाळी चहा पिताना मी सांगाडा बघत बसू?"

"कुंपण काय बघायला असतं?" रावजी पुटपुटला आणि पुन्हा चहा प्यायला लागला.

विनीत मयेकरांनी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती. निवृत्त होऊन ते रत्नागिरीजवळच्या शिरगावातल्या घरी आले, ते हाताला काहीतरी काम हवं म्हणत. काम आयतंच मिळालं. भातकापणी झाली की गावातली गुरं-बकऱ्या मोकळी सुटतात. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचा, दीपालीवहिनींचा, लाल माठाचा वाफा एका दुपारीत फस्त झाला होता. यंदा वांगी लावली होती आणि त्या वांग्यांवर वहिनींचा फार जीव होता.

आठ दिवस विनीतभाऊंनी खपून काम केलं. आयनाच्या लाकडाचे खांब पुरले. त्यांवर तीन रिपा मारल्या, एक जमिनीपासून वीतभर, एक मध्ये, एक वर. प्रत्येक रिपेवर पाणसळ ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत खिळ्याला हात लावला नाही. शेवटच्या दिवशी रावजी येऊन एक डोळा मिटून रिपेच्या रेषेत पाहत राहिला.

"एवढी सरळ रीप मी पण मारली नसेन," तो म्हणाला. "फक्त चुकीच्या अंगाला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीतभाऊ ओटीवर चहा घेऊन बसले. समोर गुळगुळीत फळ्या, कुठे खांब दिसत नाही की रीप. तेवढ्यात फळ्यांच्या वरच्या काठावर दोन शिंगं उगवली. मागोमाग तपकिरी तोंड आलं. शेजारच्या काशीवहिनींची बकरी, मैना.

विनीतभाऊ उठले, फाटकातून बाहेर गेले आणि तिथेच थांबले. मैना रिपांवरून शिडी चढावी तशी चढत होती. तीन पाय टेकलेले, मगच चौथा हलवायचा. खवळलेल्या समुद्रात दोरशिडीवरून जहाजावर चढणारी माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांतल्या निम्म्यांनाही हे जमत नसे.

दीपालीवहिनी हातात पळी घेऊन ओटीवर आल्या. "अहो, बाहेर उभे राहून काय बघताय?"

"तिचा मागचा पाय बघ," विनीतभाऊ तिच्यावरची नजर न काढता म्हणाले. "आधी चाचपते, मग भार टाकते. नव्या पोरांना एवढं शिकवायला मला वर्ष लागायचं."

"ती वांग्यांवर चाललीय."

मैना तोवर वांग्यांवर पोचलीही होती. वहिनी पळी उगारून धावल्या. मैना आल्या वाटेने परत जायला वळली, पण आतून सगळ्या फळ्या गुळगुळीत. पाय ठेवायला जागाच नाही. मग तिने कुंपणाच्या कडेकडेने तीन फेऱ्या मारल्या. खाऊन उरलेली वांगी त्या तीन फेऱ्यांत गेली. शेवटी ती फाटकातून विनीतभाऊंच्या शेजारून बाहेर पडली. त्यांनी तिला अदबीने वाट दिली.

हे वहिनींनी पाहिलं. पुढचे दोन दिवस विनीतभाऊंनी स्वतःचा चहा स्वतःच केला.

तिसऱ्या दिवशी रावजी पहार घेऊन आला. आपण आधीच सांगितलं होतं, हे त्याने एकदाही काढलं नाही. त्याबद्दल विनीतभाऊंना त्याचं मोठं कौतुक वाटलं. दोघांनी मिळून सगळं कुंपण उलटं केलं. फळ्या बाहेर, रिपा आत. आता रस्त्याने जाणारे थांबून "वा, काय काम केलंय" म्हणायचे आणि विनीतभाऊ ओटीवर बसून सांगाडा बघायचे.

तो झाकावा म्हणून वहिनींनी रिपांच्या बुडाशी दुधी लावला. वेल एकेक रीप धरत वर गेले आणि दीड महिन्यात कुंपण हिरवंगार झालं. शेंडे फळ्यांवरून बाहेर डोकावू लागले. बाहेर मैना मागच्या दोन पायांवर उभी राहून दिसेल तो शेंडा खाऊन टाकत होती. विनीतभाऊंना हे रोज दिसे. वांग्यांनंतर आता दुधीही गेला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचाराने त्यांचा चहा गार व्हायचा.

एका सकाळी वहिनी स्वतःच वेलांपाशी गेल्या. पानं बाजूला सारून कितीतरी वेळ बघत राहिल्या. विनीतभाऊंनी धीर गोळा केला.

"अगं, मी तुला सांगणारच होतो. ती मैना..."

"मोजा जरा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मोजले. मधल्या रिपेवरच अकरा कोवळे दुधी लोंबत होते.

"शेंडा खुडला की बाजूला नवी बगलफूट येते आणि फळ त्या फुटीलाच धरतं. दापोलीच्या शेतीच्या शिबिरात शिकवलं होतं, पण माझा हात धजावत नव्हता." वहिनींनी वरच्या रिपेवर हात ठेवून टाचा उंचावल्या आणि पलीकडे हाक मारली, "काशीवहिनी, उद्या मैनेला जरा लवकर सोडा हो. फाटकाकडच्या वेलाचे शेंडे राहिलेत."