चंद्रावरच्या गावाची डीपी

चंद्रावर माणसं राहायला जाणार, अशी बातमी आसेगावच्या चहाच्या टपरीवर कुणी मोठ्यानं वाचली, की बाकीचे लोक तिथं पाणी आहे का, हवा आहे का, असं विचारतात. देवराव काकडे मात्र कप खाली ठेवून एवढंच म्हणतात, "पहिले लाईनचं सांगा."

लाईन म्हणजे वीज. देवरावभाऊ शेतांवर सोलर पंप बसवतात आणि बिघडलेले दुरुस्त करतात. शिक्षण दहावी, तेही गणितात गचके खात. मी इथल्याच शाळेत गणित शिकवतो, पण त्यांच्यासमोर चंद्राचा विषय निघाला की तोंड उघडत नाही. एकदा उघडलं होतं. "तिथं चौदा दिवस ऊन, मग चौदा दिवस रात्र," असं ऐटीत सांगून गेलो.

"मंग त्यात नवीन काय हाय सर?" ते म्हणाले. "आपल्या वावरातली लाईन एक आठवडा दिवसा राह्यते, एक आठवडा रातच्याले. पाळीच हाय ते. तिथं पाळी जरा लांब हाय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चंद्रावरच्या वस्तीचं वेळापत्रकच लिहून आणलं. उजेडाच्या पंधरवड्यात पिठाची चक्की, वेल्डिंग, पाण्याची मोटर. अंधाराच्या पंधरवड्यात फक्त हवेचं मशीन, हीटर आणि घरटी एक बल्ब. खाली लाल शाईत सूचना होती: 'गिझर लावणाऱ्याची लाईन कापण्यात येईल.'

मंगळ त्यांना पसंत नाही. ऊन मंद, आणि धुळीचं वादळ उठलं की आठवडेच्या आठवडे हटत नाही. "तिथं निस्त्या सोलरच्या भरवशावर बसू नका. छोटी अणुभट्टी न्या. पन वस्तीपासून दूर, टेकाडाच्या पल्याड ठेवा." चंद्रावर जागा घ्यायची तर ध्रुवाजवळच्या उंचवट्यावर घ्या, तिथं सूर्य फारसा मावळत नाही, हा सल्ला ते कुणालाही देतात. वाशीमला प्लॉट पाहायला निघालेल्या माझ्या मेव्हण्यालाही दिला.

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी थर्माकोलचं चंद्रावरचं गाव केलं होतं. घुमटाची घरं, रस्ते, झेंडा. पाहुणे साहेब कौतुक करत होते. मागून देवरावभाऊ उठले. "साहेब, गाव झकास हाय. याची डीपी कुठं हाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मुलांकडे. गावाला वीज वाटणारी डीपीची पेटीच नव्हती, सगळं गाव अंधारात होतं! संध्याकाळपर्यंत मुलांनी काडेपेटीची डीपी केली, बॅटऱ्यांची खोली केली, टेकाडावर चांदीच्या कागदाच्या प्लेटा लावल्या. त्या मॉडेलचा जिल्ह्यात पहिला नंबर आला आणि मी बक्षिसाच्या फोटोत देवरावभाऊंना ओढून उभं केलं.

हे वेड त्यांना मुळापासून नव्हतं. वहिनी गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी प्रणाली बंगळूरला इंजिनिअर आहे, चंद्रावर पाठवायच्या सोलर प्लेटांवर काम करते. तिचा फोन रविवारी सकाळी दहाला येतो. एकदा मी विचारलं, "देवरावभाऊ, या वयात एवढं सारं कायले शिकून राह्यले?"

"सर, पहिले पोरीचा फोन दोन मिनिटात संपे. जेवले का? जेवलो. पाऊस आला का? आला. मंग ते बी गप, मी बी गप. मले वाटे, पोरगी आपल्या हातून सुटली. आता मी एक सवाल तयार ठेवतो. ते सांगत राह्यते, मी आयकत राह्यतो. अर्धा तास होते." मग म्हणाले, "पन माह्याजवळचे सवाल संपले तं काय करू, याचं भेव वाटते."

त्या एका सवालाची ते आठवडाभर तयारी करतात. माझी मुलं बोर्डाच्या परीक्षेची एवढी करत नाहीत.

यंदा तूर काढल्यावर माझ्या वावरात थ्रेशर लागलं आणि कुटाराच्या, म्हणजे तुरीच्या भुशाच्या, धुळीनं सोलरच्या प्लेटा पार माखल्या. देवरावभाऊ त्या झटकायला आले होते. वार बुधवार. तेवढ्यात प्रणालीचा फोन आला आणि त्यांचा चेहराच उतरला. हात धुळीनं भरलेले, म्हणून स्पीकर मीच लावला.

"काय झालं वं माय? तब्येत बरी हाय ना?"

"काई नाई झालं बाबा. तुमाले एक विचाराचं होतं. आमी चंद्रासारखी माती बनवून प्लेटांवर टाकली. ब्रशनं काढाले गेलो तं अजूनच चिकटून राह्यली. तुमी कुटाराची धूळ कशी काढता?"

देवरावभाऊ फोनकडे वाकले. मग आवाजच बदलला. "चिकटनच! सुकी प्लेट घासाचीच नाई. घासली की ते धूळ ओढून घेते. पहिले प्लेट उभी कर. मंग मांगून, फ्रेमले, हलक्या हातानं ठोक. काचेले नाई वं, फ्रेमले!"

किती हलकं, ते ऐकवायला त्यांनी माझ्या पंपाच्या प्लेटची फ्रेम बोटांनी वाजवली. थोड्या वेळानं पलीकडून, बंगळूरच्या प्रयोगशाळेतून, तसाच टकटक आवाज आला.

"बाबा, सुटून राह्यली!" पोरगी ओरडली. "पुरी नाई, पन सुटून राह्यली. उद्या मोठ्या प्लेटवर करतो आन तुमाले सांगतो."

फोन बंद झाला. माझी छाती अशी फुगली होती, की जणू ती युक्ती मीच शिकवली. "देवरावभाऊ," मी म्हणालो, "आसेगावचं कुटार चंद्राच्या कामी आलं!"

त्यांचं लक्षच नव्हतं. धुळीच्या हातानं डोळे पुसत ते म्हणाले, "सर, उद्या गुरुवार हाय ना?"

"हो."

"मंग उद्या बी तिचा फोन येईन."