भिंतीपलीकडचा डाव

बळीरामकाकांशी पत्ते खेळायला बसायचं तर आधी त्यांना बाह्या दुमडायला लावायच्या, असा नागपुरात बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत रिवाज होता. बाहीत एक्का असायचा. बाह्या दुमडल्या तर मोज्यात असायचा. एका कोजागिरीला गच्चीवर डाव रंगला होता, तर मसाला दुधाच्या पेल्याखालून चौकटची राणी निघाली. पकडलं तरी माणूस लाजत नसे. "सापडली का? बरं, पुन्हा वाटा," म्हणायचे.

गंमत म्हणजे हा माणूस तीस वर्षं शहराबाहेर वाडी भागातल्या एका गोदामात वजनकाट्यावर होता. ट्रक चढवायचा, आकडा वाचायचा, पावती फाडायची. तिथे त्यांनी एका किलोचीही गडबड होऊ दिली नाही. एकदा त्यांच्या मालकानेच आकडा थोडा वाढवून लिहायला सांगितलं, तर काका दोन दिवस कामावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मालक घरी येऊन त्यांना घेऊन गेला. कुणी विचारलं, की तिथे एवढे प्रामाणिक आणि इथे असे कसे, तर उत्तर तयार असायचं: "काट्यावर खोटं नाही अन् खेळात खरं नाही."

आमची मिनू आठ वर्षांची होती तेव्हा त्यांनी तिला सापशिडीत लबाडीने हरवलं. ती रडली. काकांनी तिला दोन संत्री दिली, सोलूनसुद्धा दिली, पण डाव काही परत दिला नाही.

काकू जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला, त्याचा फोन रविवारी. रोज संध्याकाळी काका कॅरमच्या पावडरीचा डबा खिशात टाकून दारोदार फिरायचे. एक डाव होऊन जाऊ द्या, म्हणायचे. लोक टीव्हीचा आवाज बंद करून घरात नसल्यासारखे बसत. मीही बसले आहे.

मग कोरोना आला. सोसायटीच्या कॅरमच्या खोलीला कुलूप लागलं आणि कुणीच कुणाच्या दारात जाईनासं झालं.

थंडीच्या दिवसांत मला लागण झाली. माझे मिस्टर आणि मिनू नेमके काटोलला सासूबाईंकडे गेले होते, मी शाळेचे ऑनलाइन तास होते म्हणून मागे राहिले होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सतरा दिवस घरातच. दारावर कागद चिकटला. शेजारच्या बायका डबा दाराच्या कडीला अडकवायच्या, बेल वाजवायच्या आणि मी दार उघडेपर्यंत जिन्यात दिसेनाशा व्हायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण तीन दिवसांत मला माणसाचा चेहरा फक्त मोबाइलवर दिसला. मिनू दिवसातून दोनदा फोन करायची आणि दोन्ही वेळा शेवटी रडायची. मग मी फोन कमी केले.

चौथ्या दिवशी मी गॅलरीत उन्हात बसले होते. काकांची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून, मध्ये डोक्याच्या वर जाईल एवढी भिंत. तिकडून आवाज आला.

"काय करून राहिली वं सुनंदा?"

"काही नाही काका. बसले आहे."

"खडू आहे का घरात?"

मास्तरणीच्या घरात खडू नसेल तर काय असेल! त्यांनी मला फरशीवर अष्टाचंगाचा पट आखायला लावला. पाच गुणिले पाच घरं, मधलं घर म्हणजे मुक्काम. त्यांनीही तिकडे तसाच आखला. दोन्हीकडे दोघांच्याही सोंगट्या. त्यांच्या बाजूला माझ्यासाठी उडदाचे आणि त्यांच्यासाठी मुगाचे दाणे होते, माझ्याकडे बटणं आणि शेंगदाणे. ज्याने त्याने आपल्या कवड्या टाकायच्या, किती पडलं ते मोठ्याने सांगायचं, आणि दोघांनीही आपापल्या पटावर चाल करायची. माझ्याकडे कवड्या नव्हत्या, मी चार चिंचोके फोडून घेतले.

आता विचार करा, ज्या माणसाचा हात डोळ्यांसमोर असताना भरवसा नव्हता, त्याच्याशी भिंतीआडून खेळायचं. मी मनाशी म्हटलं, हरायचं तर हरू. संध्याकाळ तर जाईल.

सकाळी एक तास, दुपारी चारनंतर दिवे लागेपर्यंत. खेळता खेळता ते काट्यावरच्या गोष्टी सांगायचे. सहाव्या दिवशी माझा ऑक्सिजन ब्याण्णववर आला. डॉक्टर म्हणाले पालथं झोपा, नव्वदच्या खाली गेलं तर दवाखान्यात जावं लागेल. मी मिस्टरांना सांगितलं नाही. काकांना सांगितलं. त्या दिवसापासून नियम झाला, आधी ऑक्सिजन किती ते सांगायचं, मग कवड्या टाकायच्या. आकडा ते दोनदा वदवून घेत. मध्येच मला पालथं झोपायला लावत आणि मी झोपले असताना माझी पाळी पुढे ढकलत.

दोन दिवसांनी आकडा चढू लागला. ताप उतरला, खोकला तेवढा राहिला. आणि मला जरा हुशारी आल्यावर लक्षात आलं, की काका जिंकत नाहीयेत. त्यांची एकच सोंगटी उरली होती, मुक्कामापासून दोन घरं. आत जायला नेमके दोनच पाहिजेत, जास्त पडले तर चाल नाही. आणि तीन दिवस काकांना दोन पडतच नव्हते. कधी तीन, कधी चार, कधी आठ. मला मनातून आनंद झाला. म्हटलं, देव आहे.

पण संशयही आला. एवढा लबाड माणूस, हरतोय कसा? मी मिस्टरांचा दाढीचा आरसा घेतला आणि गॅलरीच्या जाळीतून हात बाहेर काढून हळूच तिरपा धरला. त्यांचा पट दिसला, हात दिसला. कवड्या पडल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या, म्हणजे नेमके दोन.

काकांनी वाकून उताण्या कवड्या बोटाने मोजल्या. मग हाक आली, "तीन पडले वं. माझं नशीबच फुटकं. टाक तू."

मी आरसा आत घेतला. मलाही एकच सोंगटी उरली होती, तिला एक हवा होता. त्या दिवशी पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पडला.

"किती?" काकांनी विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

"तुझंही नशीब असंच दिसते," ते म्हणाले. खूश वाटले.

तो डाव आम्ही तसाच आणखी आठ दिवस चालवला.

अठराव्या दिवशी कागद निघाला. मिस्टर आणि मिनू दुपारी काटोलहून संत्र्यांची पेटी घेऊन आले. घरात आवाज झाला, भांडी वाजली, मिनू मला सोडेना. संध्याकाळी एका पिशवीत संत्री भरून मी काकांचं दार वाजवलं. मास्क लावून त्यांनी दार उघडलं. मी पिशवी ठेवायला आत गेले आणि गॅलरीकडे नजर गेली. भिंतीला अगदी चिकटून खाट होती. वर दोन गोधड्या, एक कानटोपी, तांब्या. आत पलंगावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले होते.

नागपूरची ती थंडी. सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता.

"काका, तुम्ही बाहेर झोपत होता?"

"आत आवाज येत नव्हता ना," ते म्हणाले.

"कसला?"

ते पिशवीतली संत्री एकेक करून टोपलीत ठेवू लागले. सगळी ठेवून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या खोकल्याचा. रात्री तू खोकलली की मले बरं वाटे. आमच्या घरी पाच वर्षांत कोणी खोकललं नाही वं."