शिट्टीचा स

देझ्यो वाराडीचे पत्र येऊन हिवाळा सरला, तरी आल्बिन केलेमेन यांनी उत्तर दिले नव्हते. पत्रात एकच प्रश्न होता. सोलवेनातला 'स' शिट्टीसह म्हणायचा की शिट्टीशिवाय? धड्यांची ग्रामोफोन तबकडी भरायची आहे, तर ती कोणाच्या आवाजात, तेही कळवावे.

सोलवेना ही आल्बिननी स्वतः बनवलेली भाषा. हंगेरीतल्या ग्योर शहरातल्या एका कॉफीहाऊसात तिचे मंडळ दर गुरुवारी जमे. मंडळाचा पहिला नियम असा, की उच्चार घ्यायचा तो आल्बिन बाचींच्या, म्हणजे आल्बिनकाकांच्या, तोंडून. घोटाळा झाला तो त्या तोंडात कवळी बसल्यावर. प्रत्येक 'स'मागे बारीक शिट्टी वाजू लागली. आल्बिननी लाजून कवळीचे कोणाला सांगितले नाही. मंडळाला वाटले, भाषेत सुधारणा झाली. पुढच्या गुरुवारी सगळे टेबल शिट्ट्या मारू लागले आणि वेटर उगीचच धावत येऊ लागला.

त्यातही औषधाच्या दुकानवाल्या वाराडीची शिट्टी अगदी पाव्यासारखी.

"तुमच्यापेक्षा गोड वाजते हो त्याची," मंडळातल्या पिरोश्का नेनी, म्हणजे पिरोश्कामावशी, म्हणाल्या, तेव्हापासून आल्बिनना कॉफी कडू लागू लागली.

"कवळी आहे म्हणून सांगून टाक ना," घरी त्यांची बायको इर्मा खसखस वाटता वाटता म्हणाली.

"म्हणजे आजवर सगळे माझ्या कवळीची नक्कल करत होते, असं सांगू?"

"नक्कल करतात त्याचं तुला काही नाही. वाराडी छान करतो, त्याने पोटात दुखतंय तुझ्या."

आल्बिन चिडून थेट दंतवैद्याकडे गेले आणि कवळी घट्ट करून आले. शिट्टी गेली. आता गुरू बिनशिट्टीचा, म्हणजे वाराडी आपोआप चूक. गुरुवारी त्यांनी स्वागताचे वाक्य स्वच्छ, मऊ 'स'ने म्हटले.

"बाची, तुमचा 'स' चुकतोय," पिरोश्का नेनी हळूच म्हणाल्या.

"माझा?"

"होतं असं वयामुळे. वाराडींच्या मागून म्हणा बघू. घाई नाही."

आल्बिननी म्हणून पाहिले. नुसतीच हवा आली. पिरोश्का नेनी आणि वाराडी, दोघांनी त्यांच्याकडे कणवेने पाहिले, वेटरनेसुद्धा.

ते टोपी घेऊन बाहेर पडले. वाराडी मागोमाग आला.

"मनावर घेऊ नका, बाची," तो हसला, आणि आल्बिनना त्याच्या पुढच्या दातांत खिंडार दिसले.

"दात कुठे गेला?"

"काढून घेतला. चांगला होता, डॉक्टर नको म्हणत होता. पण त्याशिवाय तुमच्यासारखा 'स' येईना. बायको अजून धड बोलत नाही माझ्याशी." तो जरा घुटमळला. "आज तुम्ही शिट्टी मारली नाहीत. ती चूक असेल तर सांगा, मी खोटा दात बसवून घेतो. तबकडीही तुम्हीच भरा."

आल्बिन घरी आले आणि ओव्हरकोट न काढताच वाराडीला उत्तर लिहायला बसले.

इर्माने खांद्यावरून वाचले: 'शिट्टीचा स बरोबर. दात बसवू नका. तबकडी तुम्हीच भरा.'

"शहाणा झालास," ती म्हणाली आणि तिने पाकिटाला तिकीट चिकटवून दिले.

टपालपेटीपाशी आल्बिन थांबले. मग खिशातून पेन्सिल काढून, पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात त्यांनी लिहिले, 'ता. क. तुमची शिट्टी किंचित लांबते. माझी लांबत नसे.'

आणि पाकीट आत टाकले.