तिसऱ्या धड्यातली पेशंट

तिसऱ्या धड्यातल्या आलेखावर सात ठिपके होते. सात सोमवारांचे सात. पहिला पंधरावर, शेवटचा पंधरावर, मधले चौदा-सोळात घुटमळणारे. बंद पडलेल्या घड्याळाच्या काट्यांसारखे जागच्या जागी!

मनोविकार विभागाच्या प्रमुख बाईंनी हा ऑनलाइन कोर्स स्वतः बनवला होता. "पेशंटला 'बरं वाटतंय का' विचारायचं आणि मान डोलवायची, हे आता बंद!" त्यांनी निवासी डॉक्टरांना बजावलं होतं. "दर भेटीला उदासीचे नऊ प्रश्न, उत्तरांची बेरीज, आलेखावर ठिपका; आकडा जितका मोठा, तितका आजार जास्त. आकडा चार आठवडे हलला नाही, की उपचार बदला. पंधरा दिवसांत शेंबडं पोरही शिकेल!"

सरावाला पेशंट हवा होता. पण काल्पनिक आकडे लिहिणं बाईंच्या रक्तात नव्हतं. मग दर सोमवारी त्यांनी स्वतःचीच उत्तरं भरली: झोप, भूक, थकवा, उदासी. नावाच्या जागी 'शिक्षिका'. उपचाराच्या रकान्यात 'वाट पाहणे'. खरा उपचार टेबलाच्या खणात होता. प्रमुखपदाचा राजीनामा, सव्वा वर्षापूर्वी टाइप केलेला, तारखेची जागा तेवढी रिकामी. दर रविवारी नवरा विचारायचा, "कधी देतेस?" बाई म्हणायच्या, "बघू."

फॉर्म फोन नंबराशिवाय पुढे सरकेना, म्हणून घरच्या लँडलाइनचा दिला. 'सराव' या चौकटीत खूण करायची मात्र राहिली. झालं! शिक्षिका खऱ्या पेशंटांच्या यादीत जाऊन बसली.

निवासी डॉक्टरांनी धडा फारच मनावर घेतला. दोन दिवसांत घरी अकरा फोन, सगळे नवऱ्यानेच उचलले!

"काका, पेशंट आहेत?"

"ती कामावर गेलीय."

"एवढ्या आकड्यावर कामावर? झोप किती?"

"साडेतीन तास. मी मोजतो."

"जेवण?"

"निम्मं ताटात राहतं."

"उद्या दहाला विभागाच्या बैठकीतच घेऊन या!"

नवऱ्याने बायकोजवळ अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं, तर 'बघू' आलं असतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत, सगळे जिला शंकाताई म्हणत, ती निवासी डॉक्टर उभी राहिली. "मॅडम, तिसऱ्या धड्यातल्या पेशंटचे नातेवाईक सोन्यासारखे आहेत. पण डॉक्टर कोण आहे हो? सात आठवडे हातावर हात धरून बसलाय! नोटीस द्यायला हवी."

"द्याच!" मागून दोघं ओरडले.

बाईंचे कान तापले. "अहो, तो नुसता सराव आहे..."

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हातात तेवीस नंबरचा केसपेपर. नवरा!

"माफ करा," तो बाईंकडे बोट दाखवत म्हणाला, "पेशंट सात वाजताच इकडे आलीय."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. टेबलफॅनचीसुद्धा!

"मॅडम," शंकाताईने हळूच विचारलं, "आकडे खोटे आहेत ना?"

'हो' म्हटलं असतं, तर विषय तिथेच मिटला असता. पण तीस वर्षांत बाईंनी खऱ्या आकड्याला खोटं म्हटलं नव्हतं.

"खरे आहेत."

"मग... उपचार?" शंकाताईने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने केसपेपर त्यांच्यापुढे ठेवला.

"माझे कागद आजपासून दुसऱ्या डॉक्टरकडे द्या," बाई म्हणाल्या. "ते 'वाट पाहणे' खोडा. आणि लिहा: प्रमुखपद मी सोडतेय. एक तारखेपासून."