गुणवंतकाकांचा स्कोर

४ एप्रिल. कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या. मी बाल्कनीत स्टुलावर उभी, स्क्रूड्रायव्हर दातांत. स्टूल धरायला आलेले शेजारचे गुणवंतकाका खालून म्हणाले, "मागच्या महिन्यात सातशे शहाण्णव होता वं."

मनीषनगरच्या आमच्या इमारतीत बाकीचे लोक भेटले की नमस्कार करतात, काका आपला क्रेडिट स्कोर सांगतात. निवृत्त कारकून, घरी एकटे, डोक्यावर कर्ज नाही. पण कर्जच नसेल तर स्कोर वाढत नाही, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. झालं. खिशात पैसे असताना बर्डीच्या बाजारातून मिक्सर हप्त्यांवर आणला. प्रत्येक हप्ता दोन दिवस आधी भरला. मिक्सर अजून खोक्यातच आहे. "चटणी पाट्यावरचीच बरी लागते," म्हणे.

माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी पत्रिका मागितली. काकांनी भर बैठकीत विचारलं, "पोराचा स्कोर काय हाय?"

मी म्हटलं, "काका, चहा घ्या."

"घेतो. पण माणूस खोटं बोलते वं, रिपोर्ट नाही बोलत."

लग्न झालं. जावई आजही जिन्यात काका दिसले की काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जातो.

तर आज काकांच्या चष्म्याची काडी मोडली होती. म्हणून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मी ओढणीला हात पुसून वाचलं. "सातशे बारा. काका, गडगडला." खरं सांगायचं तर मला जरा मजाच वाटली.

"तो राहू दे. खाली पाह. जामीनदार लिहिलं असते तिथं."

कामठीच्या धाकट्या भावाचं, सुदामचं, यंत्रमागासाठी घेतलेलं कर्ज. काका जामीन. मागचा हप्ता थकलेला.

"म्हणजे तुम्हाला भरावा लागेल?"

"भरीन. हप्त्याचं कोणाले पडलं." काका स्टुलाचा पाय सोडेनात. "चार वर्षांत एक चुकला नव्हता त्याचा. हप्ता दिसला म्हणजे माग चालू हाय, त्याचे हातपाय चालू हाय. मले दुसरं कोण सांगते?"

चार वर्षांपूर्वी सुदामच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, व्याह्यांच्या देखत काकांनी भावाला विचारलं होतं, "हप्ता भरला का गा?" तेव्हापासून सुदाम त्यांचा फोन उचलत नाही.

"मग जाऊन बघा ना."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"याच. उद्या मी स्कूटीवर नेते. फक्त तिथं हप्त्याचं नाव काढायचं नाही."

"काहून काढीन?"

"काका."

"नाही काढत."

५ एप्रिल. सकाळी निघालो. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मिक्सरचं खोकं आमच्या दोघांच्या मध्ये. कामठी येईपर्यंत ते माझ्या पाठीत रुतत होतं.

दार सुदामनंच उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. काकांनी प्लास्टरकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

"जेवला का गा?" काकांनी विचारलं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. सुदाम दारातून बाजूला झाला.

मी खोकं आत ठेवलं आणि एकटीच परतले. ताट्या बसवायच्या राहिल्या होत्या.