दोन मेंदूंचा पैलवान

आमच्या पैलवानाला हरवेल असं यंत्र अजून जन्माला यायचंय, असं मी मॅडमना तोंडावर सांगून टाकलं. तेही भर ऑफिसात, हातात चहाचा कप धरून. कप खाली ठेवला असता तर कदाचित विचार करून बोललो असतो.

पैलवान म्हणजे आमचा जुना वर्कस्टेशन कॉम्प्युटर. आमचं ऑफिस न बांधलेल्या इमारतींच्या फिल्मा बनवतं. म्हणजे जागेवर नुसतं गवत आणि एक कुत्रं असतं, पण आमच्या फिल्ममध्ये तिथे काचेचा जिना, जिन्यावर ऊन आणि उन्हात हसणारी माणसं. प्रत्येक चित्रातलं ऊन, सावली, फरशीवरची चमक कॉम्प्युटरने स्वतः हिशेब करून रंगवायची असते. आमच्या धंद्यात याला रेंडर म्हणतात. हे काम दमाचं. पैलवान ते वर्षानुवर्षं करत आला होता.

त्याच्या पोटात एक नाही, दोन प्रोसेसर होते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. दोन मेंदू असलेला दुसरा कोणी आमच्या ऑफिसात नव्हता. एका मेंदूची खात्री द्यावी अशी माणसंही थोडीच होती. पैलवान कपाटाएवढा उंच, वर उचलायला लोखंडी कड्या, आणि चालू केला की आधी बराच वेळ स्वतःची स्मरणशक्ती तपासत बसायचा. मला ते आवडायचं. जबाबदार माणूस कामाला लागण्यापूर्वी चष्मा पुसतो, तसं.

मग आमच्याकडे नवी आर्किटेक्ट आली आणि येताना स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन आली. मला वाटलं डबा आणलाय.

"यात किती मेंदू?" मी विचारलं.

"एकच, दादा. पण नवा आहे."

"आमच्या पैलवानात दोन आहेत. कामगारांची फौज आहे आत. तुझ्याकडे निम्मेसुद्धा नाहीत."

"माझे कमी आहेत, पण पळतात," ती म्हणाली. "तुमचे बरेच आहेत, पण एकमेकांना विचारून चालतात."

मी तिला क्षमा केली. वय लहान होतं.

मॅडमनी मात्र हे ऐकलं. त्या आमच्या मालकीणबाई. बोलतात कमी आणि ठरवतात पटकन. एका हॉस्पिटलच्या नव्या बालविभागाची फिल्म दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवायची होती. हॉस्पिटलचे अध्यक्ष स्वतः येणार होते. फिल्म पसंत पडली तर अख्ख्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडे येणार, नाही तर पलीकडच्या रस्त्यावरच्या ऑफिसकडे जाणार.

"दोन्ही मशीनवर तीच फिल्म लावा," मॅडम म्हणाल्या. "जी आधी तयार होईल ती दाखवू. आणि जे मशीन हरेल ते भंगारात."

पैलवान भंगारात, या कल्पनेने मला हसू आलं. इतकं, की आर्किटेक्टने मॅडमच्या देखत मला पाणी आणून दिलं.

सकाळी दोघांनी एकदम बटण दाबलं. पैलवानाने असा हुंकार भरला की शेजारच्या टेबलावरचे कागद उडाले. खोलीत गरम हवेचा झोत सुरू झाला. टायपिस्टबाईंनी स्वेटर काढला. याला म्हणतात काम. काम चाललंय हे चार माणसांना कळलं पाहिजे. तिकडे त्या डब्यातून हूं नाही की चूं नाही.

जरा वेळाने मी पाहिलं तर आर्किटेक्ट जागेवर नव्हती. तिचा पडदा काळा झालेला. डब्याला कान लावला. आत स्मशानशांतता. वरून हात लावला, तर थंडगार.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते वाईट वाटणं मी चटकन आवरलं आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, नवं मशीन गेलं."

"कुठे गेलं?"

"गेलं म्हणजे, गचकलं. ती बिचारी तोंड लपवून कुठेतरी निघून गेलीय. तुम्ही तिला फार बोलू नका."

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे आता सगळं पैलवानावर?"

"निर्धास्त राहा," मी म्हणालो.

बाहेर येऊन पैलवानाचा पडदा पाहिला. फिल्ममध्ये कॅमेरा दारातून आत शिरतो, खाटांमधून जातो आणि खेळण्यांच्या खिडकीशी थांबतो. पैलवान अजून दारातच होता. दार मात्र सुंदर रंगवलं होतं, कडी तर हात लावावासा वाटेल अशी. पण अध्यक्ष कडी बघायला येणार नव्हते.

मी पाठीमागे हात लावला आणि चटकन काढला. बिचारा तापाने फणफणला होता. इतक्या वर्षांची धूळ नाकातोंडात बसलेली, मग दम लागणारच. मला उपाय सुचला. सफाईवाल्या मावशी खिडक्यांची धूळ उडवायला ब्लोअर वापरतात, तो कपाटात असतो. मी पैलवानाचं कुशीचं झाकण उघडलं, ब्लोअरचं तोंड आत धरलं आणि खटका दाबला.

त्यानंतर मला काही दिसलं नाही.

पैलवानाच्या पोटातून जे बाहेर आलं त्याला धूळ म्हणणं म्हणजे समुद्राला ओल म्हणणं. टायपिस्टबाई दिसेनाशा झाल्या. त्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि तो ऐकण्यासारखा नव्हता. ढग हळूहळू छताकडे चढला. छतावर धूर ओळखणारं एक पांढरं यंत्र बसवलेलं असतं. त्याला धूर आणि आमची धूळ यातला फरक कळला नाही.

सगळ्या इमारतीत भोंगा वाजायला लागला.

"आग, आग," कोणीतरी जिन्यात ओरडलं. वरच्या मजल्यावर गाण्याचा क्लास होता, तो तानपुऱ्यासकट उतरायला लागला. शेजारी दाताचा दवाखाना, तिथून एक गृहस्थ गळ्यात रुमाल आणि तोंडात कापूस असे बाहेर पडले. लिफ्ट आपोआप बंद झाली.

"महत्त्वाचं तेवढं घ्या आणि खाली चला," मॅडम म्हणाल्या.

आग नाही, नुसती धूळ आहे, हे फक्त मला माहीत होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि तोंडात धूळ गेली. शिवाय भोंगा इतका जोरात होता की क्षणभर मलाही वाटलं, असेल बाबा आग. महत्त्वाचं म्हणजे फिल्म. फिल्म म्हणजे पैलवान. मी मागची वायर ओढून काढली. हुंकार थांबला. अर्ध्या दारातली ती कडी तिथेच संपली, हे माझ्या डोक्यात जिन्याच्या पहिल्या वळणावर आलं. पण तोवर मी त्याच्या दोन्ही कड्या धरल्या होत्या आणि तो मला खाली ओढत होता.

दुसऱ्या वळणावर मी थांबलो. तोंडात कापूस असलेल्या गृहस्थांनी न बोलता एका बाजूने हात लावला. काही बोलले असतील तर ते मला कळलं नाही.

"काय आहे यात?" तानपुरेवाल्या बाईंनी मागून विचारलं. "तिजोरी?"

"दोन मेंदू," मी धापा टाकत म्हणालो.

त्या चार पायऱ्या मागे सरकल्या.

आम्ही खाली पोचलो तेव्हा रस्त्यावर सगळी इमारत उभी होती. मी पैलवान फुटपाथवर ठेवला आणि सरळ उभा राहायला गेलो. कमरेत काहीतरी कट्कन झालं. मी ठेवताना जसा वाकलो होतो तसाच राहिलो. डोक्यापासून बुटापर्यंत राखाडी. बंबवाले आले, त्यांनी मला पाहिलं आणि आधी स्ट्रेचर काढलं.

तेवढ्यात गर्दीतून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे आले. हॉस्पिटलचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर आमची आर्किटेक्ट.

"अगं, होतीस कुठे?" मॅडमनी विचारलं.

"साहेबांना आणायला खाली आले होते. तुम्हीच म्हणाला होतात ना, फिल्म झाली की जा म्हणून."

"झाली?" मी वाकलेल्या अवस्थेतच विचारलं.

"केव्हाच झाली, दादा. तुम्ही पैलवानाजवळ उभे होतात तेव्हाच. पेनड्राइव्हवर घेतली, पडदा बंद केला आणि निघाले. तुम्हाला हाकही मारली, पण त्या आवाजात ऐकू गेली नसावी."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे बघत होतो. कंबर दुसरीकडे बघूच देत नव्हती.

फिल्म अध्यक्षांच्या गाडीतच पाहिली गेली, पेनड्राइव्ह त्यांच्याच लॅपटॉपला लावून. मी स्ट्रेचरवरून उघड्या दारातून थोडी पाहिली. कॅमेरा खाटांमधून गेला, खिडकीशी थांबला, खेळण्यांवर ऊन पडलं. छान होती. कडीसुद्धा पैलवानाने काढली होती तशीच होती, हे मला मान्य करावं लागलं. अध्यक्षांनी ती खिडकी पुन्हा एकदा दाखवायला सांगितली.

"मुलांना आवडेल," ते म्हणाले. आणि काम आमच्याकडे आलं.

मग ते माझ्यापाशी येऊन थांबले. "आणि हे तुम्ही जिवावर उदार होऊन काय वाचवलंत?"

मी तोंड उघडणार इतक्यात मॅडम म्हणाल्या, "भंगार."

हा शब्द जरा लागला. मॅडमच्याही ते लक्षात आलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी टेम्पो करून पैलवान माझ्या घरी पाठवला. बरोबर निरोप होता: इतका जीव आहे तर ठेवा.

बायकोने दार उघडलं. आधी मला पाहिलं, मग पैलवानाला.

"हे काय करतं?"

"फिल्म बनवतं. न बांधलेल्या इमारतींची."

"आणि बांधलेल्या घरात हे ठेवायचं कुठे?"

टेम्पोवाला तो दारात उतरवून निघून गेला होता. डॉक्टरांनी मला जड काही उचलायला सक्त मनाई केली आहे, आणि बायको म्हणते, ज्याचा पैलवान त्याने हलवावा. त्यामुळे तूर्तास तो उंबऱ्यातच आहे. तुम्ही कधी घरी आलात तर जरा तिरकं होऊन आत या. आम्ही तसेच येतो.