नळ सोडून केलेली प्रार्थना

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसून बसून तिचं नावच तक्रारताई पडलं होतं. बारा वर्षांत तिनं टेबल बडवणारे शांत केले, बादल्या आपटणारे शांत केले. गढूळ पाण्याची बाटली नाकासमोर धरून "पिऊन दाखवा!" म्हणणारे एक आजोबा तर जाताना तिलाच आशीर्वाद देऊन गेले होते! त्यामुळे चष्म्याच्या दुकानवाल्या विधुराशी लग्न ठरलं तेव्हा ती मैत्रिणीला ऐटीत म्हणाली, "त्याची अकरा वर्षांची मुलगी ना? महिनाभरात खिशात घालते बघ!"

लग्नाला चार महिने झाले, ही थोरली काही खिशात मावेना. तक्रारताईची स्वतःची सहा वर्षांची धाकटी नव्या बाबांच्या खांद्यावर जाऊन बसलीसुद्धा. थोरली मात्र हाक मारताना "ऐका ना"च्या पुढे सरकत नव्हती. भांडण नाही, रुसवा नाही. तक्रारच नाही, तर निवारण कशाचं करणार?

शेवटी तिनं थेट वरच्या साहेबांकडे, म्हणजे देवाकडे धाव घेतली. दोन खोल्यांच्या घरात एकांत फक्त न्हाणीघरात. रोज सकाळी ती कडी लावायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायची आणि देवाशी मनातलं बोलायची. पाणी वाचवा म्हणून गावाला सांगणारी बाई! पण ते देवानं चालवून घेतलं असावं.

त्या रविवारी थोरलीची पोहण्याची स्पर्धा होती. बाबांना दुकान सोडता येईना. "मी जाईन एकटी," थोरली म्हणाली. "मी येणार!" तक्रारताई म्हणाली आणि आधी न्हाणीघरात शिरली. "देवा, माझं येणं तिला जड होऊ देऊ नकोस," असं म्हणून तिनं कडी ओढली, तर कडीची मूठच हातात आली!

"अगं, दार अडकलं! अरे देवा, सोडव रे!"

नळाच्या आवाजात बाहेर धाकटीला तेवढा "देवा" ऐकू आला. ती धावत शेजारच्या काकूंकडे गेली. "काकू, आई देवाकडे आहे. दारच उघडत नाही!"

काकूंनी छातीवर हात मारला. मग बातमी जिन्यावरून घरंगळत निघाली. दुसऱ्या मजल्यावर तक्रारताईचा पाय घसरला, पहिल्यावर डोकं फुटलं आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत बिचारी गेलीच! कुणी अग्निशमन दलाला फोन केला, कुणी दुकानात.

थोरली तेवढी दारापाशी आली. "ऐका ना, आधी नळ बंद करा."

नळ बंद झाला. दाराखालून बाबांचे चिमुकले स्क्रू ड्रायव्हर एकेक करून आत सरकू लागले. चौथा कडीच्या स्क्रूला बसला.

"तू जा गं, तुला उशीर होईल!" तक्रारताई आतून म्हणाली.

"डावीकडचा आधी काढा." मग थोरली म्हणाली, "नळ सोडला की तुम्ही फार मोठ्यानं बोलता. रोज ऐकू येतं सगळं."

स्क्रू ड्रायव्हर हातातून गळून पडला. "सगळं?"

"पहिल्या आठवड्यात म्हणालात, देवा, ही पोर मला आवडतच नाहीये. आवडू दे."

तक्रारताईला वाटलं, कडी राहू दे अशीच, जन्मभर इथंच राहू! "मग गं?" तिनं कसंबसं विचारलं.

"मग रोज तेच मागत होतात. आणि मागच्या मंगळवारी म्हणालात, देवा, थँक्यू, आता ती शाळेतून यायच्या आधीच मी खिडकीत जाऊन उभी राहते. मला पण तुम्ही आधी आवडत नव्हता."

"आता?"

"आता उजवीकडचा काढा."

कडी खळकन पडली, दार उघडलं आणि त्याच क्षणी सगळे घरात घुसले. पुढे धापा टाकणारे बाबा, मागे डोळ्यांवर तपासणीची फ्रेम तशीच राहिलेलं एक गिऱ्हाईक, त्यामागे रडणाऱ्या काकू आणि शिरस्त्राण घातलेले दोन जवान!

"अडकलेल्या बाई कोण?" जवानानं विचारलं.

"आमची आई," थोरली म्हणाली. "निघाली ती. बाजूला व्हा, आम्हाला उशीर होतोय!"

ओल्या गाऊनवर नवऱ्याचं जाकीट चढवून तक्रारताई पळाली. ताठ मानेनं! शिट्टी झाली तेव्हा ती तलावाच्या काठावर पोचली होती. पाण्यात आठ निळ्या टोप्या. तिनं सगळ्यांत पुढची टोपी बरोबर हेरली आणि बारा वर्षं राखून ठेवलेला आवाज सोडला. "मार हात! माझी पोर आहे ती! माझी!"

टोपी पहिली आली. तक्रारताईनं उड्या मारल्या, अनोळखी पंचांना मिठी मारली. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून चौथी आलेली थोरली पाणी निथळत समोर उभी राहिली. आणि विजेतीची आई गहिवरून म्हणाली, "आमच्या मुलीसाठी केवढ्या ओरडलात हो तुम्ही!"

तक्रारताईनं जाकिटाची चेन हळूच गळ्यापर्यंत ओढली. "अहो," ती म्हणाली, "सगळ्या आपल्याच की!"